एका ताक्यातली माहेरं

अक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी स्वयंपाकघरात दाराआड उभी राहून चोरून गुळाचा खडा खात होते. डॉक्टरांनी गोड बंद केलंय आणि सुनेनं गुळाचा डबा माझ्या हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवलाय. पण स्टुलावर चढायची माझी विद्या अजून शाबूत आहे. बाहेर फोन वाजला, सून बोलली, आणि आत येऊन हळूच म्हणाली, "आई, कळमनुरीच्या मोठ्या आई गेल्या." मी आधी गूळ गिळला, मग रडले. हा क्रम मला गेले दोन महिने टोचतो आहे. अक्का असत्या तर म्हणाल्या असत्या, "बराबर केलंस धाकटे. तोंडातला घास टाकू न्हाई." त्यांचं हे असंच असायचं. आपण काही चुकीचं करून बसावं आणि त्यांनी त्याला पटकन एखादं बरं नाव देऊन टाकावं.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी त्या घरात गेले तेव्हा सोळा वर्षांची होते आणि त्या सव्वीस-सत्तावीसच्या असतील. कपाळ मोकळं, हात मोकळे, आणि घरातल्या सगळ्या किल्ल्या कमरेला. मी वाशीमची. वाशीम वऱ्हाडात, इंग्रजी अंमलात. कळमनुरी निजामाच्या राज्यात. मधलं अंतर बैलगाडीच्या दोन मुक्कामांचं, पण मला वाटायचं मी विलायतेहून आले आहे. सातवी पास होते, पत्राची सुरुवात 'स. न. वि. वि.' अशी करायची, आणि लग्नात माझ्या दादानं मला हातानं फिरवायचं शिवणाचं मशीन दिलं होतं. त्या मशीनची पेटी मी सासरी पहिले आठ दिवस उघडीच ठेवली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून. आज ती सोळा वर्षांची मी समोर आली तर तिच्या वेणीला धरून तिला ओसरीवर बसवीन आणि दोन गोष्टी सांगीन. पण ती ऐकायची नाही. तिला सगळं येत होतं.

अक्कांचं एक काम होतं, त्याला त्या घरात कुणी नाव दिलं नव्हतं. त्यामागची कथा मला सासूबाईंनी सांगितली, अक्कांनी कधीच नाही. अक्कांची आई त्या लहान असतानाच गेली होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, तर माहेर म्हणून फक्त एक म्हातारे वडील. म्हणून त्या सासरीच बाळंत झाल्या. माहेरचा बाळंतविडा आला नाही. डिंक-खारीक नाही, सुंठ नाही, कुंची नाही, दुपटं नाही. बाराव्या दिवशी पाळण्याशी जमलेल्या बायका एकेक करून विचारत होत्या, "माहेरचं काय आलं वं?" आणि अक्का प्रत्येकीला म्हणत होत्या, "येऊन राहिलंय." ते लेकरू महिनाभरही राहिलं नाही. पुढच्या वर्षी पटकीच्या साथीत थोरले भाऊजी गेले. दिवस झाल्यावर अक्का सासऱ्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि विचारलं, "मामंजी, माझ्या पाटल्या अन् वाक्या घराच्या का माझ्या?" मामंजी म्हणाले, "तुझ्याच की, बाई." "मंग मोडून मला रान घेऊन द्या. त्याचं पीक घरात येणार न्हाई, एवढं आताच सांगते." कयाधू नदीच्या अंगाला चार एकरांचा तुकडा मिळाला. त्यात कापूस आणि तीळ होई. त्या पिकातून वर्षाला दहा-बारा बाळंतविडे निघत. ज्या बाईला माहेर उरलेलं नाही, किंवा आहे पण त्याच्या हातात काही नाही, तिच्या दारात विडा जायचा आणि तो तिच्या माहेरून आला असंच सासरच्यांना कळायचं.

सगळं कसब या शेवटच्या गोष्टीत होतं. कुणाला दिवस गेलेत आणि कुणाचं माहेर सुनं आहे ते सुईण कानात सांगून जायची. मग अक्का चार दिवस इकडून तिकडून चौकशी करायच्या: पोरीचा गाव कोणता, भाऊ आहे का, घरात म्हैस होती का, वडलांना काय म्हणून हाक मारायचे. आणि विडा घेऊन जायचे आमचे जुने गाडीवान गणूमामा. गाडी घेऊन ते सगळीकडे फिरत, म्हणून वाटेत माहेरच्यांनी विडा दिला हे खपून जाई; आणि नुकतेच तिकडून आल्याचं दिसावं म्हणून त्यांच्याकडे तीन पागोटी होती. सेनगावकडच्या माहेराला एक, औंढ्याकडच्याला दुसरं, नांदेडकडच्याला तिसरं. मामांना या कामाचा इतका नाद लागला होता की ते मधूनमधून वाहवत जायचे. एका घरी त्यांनी सांगितलं, "तुमच्या भावाची म्हैस व्याली, पहिला खरवस तुमालाच धाडणार होता, पण नासला." अक्कांनी नंतर त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. "मामा, म्हैस न्हाई त्याच्याकडे. उद्या तिच्या सासऱ्यानं तूप मागितलं तर कुठून आणू?" मामा मान खाली घालून म्हणाले, "आता व्याली तर व्याली, अक्का. मी काय करू."

आणि नियम तीन. नाव सांगायचं नाही, उंबऱ्याशी रेंगाळायचं नाही, नंतर कधी विचारायचं नाही. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, कारण अक्कांना लिहिता येत नव्हतं. इथं मी शहाणी पुढे झाले. मी याला 'फंड' म्हणायला लागले. वही घेऊन पहिल्या पानावर 'श्री' लिहून खाली अध्यक्ष, चिटणीस असं मांडलं. चिटणीस अर्थात मी. अक्कांना वाचून दाखवलं. त्यांनी तीळ निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यात लेकराला काय मिळतंय?" मी म्हटलं, "शिस्त." त्या इतक्या हसल्या की तिळाचं सूप कलंडलं. पण माझं मशीन त्यांना आवडायचं, ते चालू असलं की काम टाकून बघत बसायच्या. कुंच्या, टोपडी, झबली शिवायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. तोवर त्या सगळं हातानं शिवायच्या. कापड दर वेळी वेगळं, कधी जुन्या लुगड्याचा पदर, कधी बाजारातून आणलेला वार-दीड वार. मला तो गबाळेपणा वाटायचा.

मग मी ती हुशारी केली. दिवाळीला वाशीमला गेले असताना दादाच्या ओळखीच्या दुकानात एक ताका पाहिला. पोपटी रंगावर तांबडे ठिपके. अख्खा ताका घेतला तर निम्म्यात पडत होता. मी तो उचलून आणला आणि अक्कांपुढे उलगडला. त्या त्यावरून हात फिरवत राहिल्या. म्हणाल्या, "कापड झ्याक आहे. पण सगळं एकच..." मी म्हटलं, "एकच म्हणून तर स्वस्त." त्या पुढे काही बोलल्या नाहीत. मला शिकल्या-सवरल्याचा मान देत होत्या, की नव्या सुनेचा उत्साह मोडायला नको म्हणत होत्या... मी आजवर ठरवू शकलेले नाही. दोन्हीपैकी काहीही असलं तरी दोष माझ्याच खात्यात येतो. दोन महिन्यांत मी सात कुंच्या शिवल्या. झालरीसकट.

त्यातली एक गंगूकडे गेली. हे तिचं खरं नाव नाही; तिची माणसं असतील कुठं कुठं. गंगू माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, गावाच्या टोकाला माळ्याच्या घरात दिलेली. आई-बाप नव्हते. एक भाऊ होता, तो कामाला म्हणून हैदराबादेला गेला आणि तीन वर्षं त्याचा पत्ता नव्हता. गणूमामा नांदेडकडचं पागोटं घालून तिच्या दारी गेले आणि भावानं हैदराबादेहून धाडलं म्हणून सांगून आले. बाकीच्या बायकांना मनातून कळायचं की हे माहेरचं नाही. त्या समजून गप्प राहायच्या. गंगूनं मात्र ते खरं धरलं. भाऊ जिवंत आहे, त्याला आपलं बाळंतपण कळलं, त्यानं आठवणीनं कुंची धाडली... ती विहिरीवर, बांधावर, भेटेल त्याला सांगत होती. मामांनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा अक्कांचा हात थांबला. "हे वाईट झालं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "आता मोडू बी नये."

संक्रांतीच्या आधीचा बाजार. कासाराच्या दुकानात बांगड्या भरायला ही गर्दी. थंडीचे दिवस, लेकरं मांडीवर, कुंच्या घातलेल्या. मी माझ्या पाळीची वाट बघत भिंतीशी बसले होते. ओळीत चार बायका आणि चौघींच्या मांडीवर पोपटी कुंची, तांबडे ठिपके, झालर. गंगू तिसरी होती, शेजारी तिची सासू. ती शेजारणीला सांगत होती, "दादानं धाडली. हैदराबादेत असलं कापड मिळतं." कासारीण बांगड्या चढवता चढवता मान वर करून म्हणाली, "काय वं बायांनो, समद्यांचं माहेर एकच हाय का काय?"

हसू झालं. ते तिथंच विरलं असतं. बाकीच्या तिघींनी माना खाली घातल्याच होत्या; कुणीतरी म्हणालं असतं की एकाच दुकानचं कापड असेल, आणि संपलं असतं. पण मला त्या चार कुंच्या ओळीत दिसल्या आणि माझा ऊर भरून आला. झालरी इतक्या सारख्या बसल्या होत्या. मी म्हणाले, आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "छान दिसतात ना? सगळ्या मीच शिवल्यात, मशीनवर. आमच्या घरच्या आहेत त्या."

 गंगूनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं लेकराच्या डोक्यावरची कुंची हातात घेतली, झालर उलटी करून मशीनची टीप पाहिली, मग शेजारणीच्या मांडीवरच्या कुंचीची पाहिली. कासारणीनं तिच्या हातात चढवलेल्या दोन बांगड्या तशाच राहिल्या. ती उठली आणि गेली. तिची सासू मागे राहून मला म्हणाली, "लई उपकार झाले, वहिनीसाब."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई आमच्या ओसरीवर आली. धुतलेली, घडी घातलेली कुंची तिनं जोत्यावर ठेवली. "तुमच्या घरचं तुमाला. आमी गरीब असू, पर मागाया आलो न्हवतो. काहून केलं असं? आमच्या सुनेला भाऊ हाय म्हणून आमी चार लोकांत सांगितलं. लोक हसून राहिले आमाला." अक्का हात जोडून उभ्या होत्या. मी माजघराच्या दाराआड. (दाराआड उभं राहायची माझी सवय जुनीच.) अक्का म्हणाल्या, "चूक माझी आहे. ताका मी आणवला. एक कापड नको हे मला कळायला पाहिजे होतं. गंगूला बोल लावू नका, तिला कायबी ठावं नव्हतं." ती बाई म्हणाली, "अन् त्या बाजारात बोलल्या त्या?" अक्का म्हणाल्या, "ती लेकरू आहे. बोलली ते बी माझंच."

मला एक पाऊल टाकून बाहेर यायचं होतं. एक पाऊल, दाराला उंबरासुद्धा नव्हता. मी आले नाही. अक्का आत आल्या, त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि इतकंच म्हणाल्या, "उरलेला ताका माझ्या पेटीत ठेव, धाकटे." त्यानंतर त्या विषयावर त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. गणूमामांनी तिन्ही पागोटी आणून ओसरीवर ठेवली. त्यांचं सोंग आता गावात कुणी खरं मानणार नव्हतं. पुढे विडे कुणाच्या हातानं जातात ते मला कळेनासं झालं. शिवणही माझ्याकडून गेलं. अक्का पुन्हा हातानं शिवू लागल्या. हिंगोलीहून एक तुकडा, सेनगावहून एक, कुणा पाहुण्याबरोबर नांदेडहून एक. एकासारखं दुसरं कधी नाही. मी मशीनवर उशांचे अभ्रे शिवत बसले.

गंगूला दोन वर्षांनी पुन्हा दिवस गेले. तिनं सुईणीला बजावलं होतं की मोठ्या घरी काही सांगायचं नाही. अक्कांना कळलं तोवर ती बाळंत होऊन चौथा दिवस होता आणि लेकरू तिसऱ्या दिवशीच गेलं होतं. डिंक-सुंठीनं लेकरू जगतं असं कुठलाही वैद्य म्हणणार नाही. मीही स्वतःला हेच सांगत आले. पण त्या दिवशी अक्का जेवल्या नाहीत, आणि मी जेवले. पुढे ती मंडळी शेत सोडून दुसरीकडे गेली. गंगू दहा-बारा वर्षांपूर्वी वारली असं ऐकलं. तिच्या भावाचं शेवटपर्यंत काही कळलं नाही.

आता माझ्या बढाईची शेवटची गोष्ट. अठ्ठेचाळीस साली रझाकारांचे दिवस होते. आमच्या घरचे पुरुष हद्द ओलांडून वऱ्हाडात गेले होते. मला नववा लागलेला, गाडीचे हादरे सोसवणार नाहीत म्हणून मी, सासूबाई आणि अक्का मागे राहिलो. वाशीमचा रस्ता बंद, टपाल बंद. आषाढात माझा मोठा मुलगा झाला. मी अंथरुणात पडून सारखी म्हणायची, दादाला कळलं असतं तर... आणि दहाव्या दिवशी भर पावसात हिंगोलीकडचा एक पिंजारी दारात आला. कापसाच्या गठ्ठ्यात लपवलेलं बोचकं त्यानं काढलं. "वाशीमसे लाया हूँ, बाई. तुम्हारे भाई ने दिया. चुपके से लाना पड़ा." खारीक होती, डिंक होता, झबलं होतं, आणि एक जाड मऊ दुपटं. मी ते छातीशी धरून हुंदके देत अक्कांना म्हणाले, "बघा अक्का, असं असतं माहेर. जिवावर उदार होऊन धाडलं माझ्या दादानं." त्या चुलीशी होत्या. म्हणाल्या, "व्हय बाई. माहेर असावं तर असं."

निजामाचं राज्य गेल्यावर मी वाशीमला गेले तेव्हा दादाला म्हटलं, "विडा पोचला बरं का. दुपटं फार ऊबदार आहे." दादानं वहिनीकडे बघितलं. वहिनी म्हणाली, "असू दे, त्यात काय एवढं." मला वाटलं, केवढा हा विनय. पुढची पन्नास वर्षं मी 'माझ्या दादाचं दुपटं' हे कीर्तन घरात लावून ठेवलं. माझी चारही लेकरं त्यात वाढली, मग नातवंडं. वरची खोळ विटली की मी नवी घालायची, आतलं कधी उसवलं नाही.

गेल्या दिवाळीत कळमनुरीला गेले होते. अक्कांना दिसत नव्हतं. खाटेवर बसून त्या माझ्या लुगड्याचा पदर चाचपत होत्या, पोत बघायला. मी धीर केला. म्हटलं, "अक्का, ती कासाराच्या दुकानातली गोष्ट... ती कुंची..." त्यांनी पदर सोडला नाही. म्हणाल्या, "कोणती कुंची? लई कुंच्या झाल्या बाई. तू चहा घेतलास का?" मी चहा घेतला. मला वाटलं, विसरल्या, सुटले. सुटल्याचा आनंद झाला, हेही लिहून ठेवते.

त्यांच्या तेराव्याहून परत आले आणि पंधरा दिवसांनी नातसुनेचे दिवस भरत आले म्हणून दुपटं धुवायला काढलं. पिळताना जुनी शिवण उसवली. लुगड्यांच्या दोन थरांच्या मध्ये पोपटी कापड होतं. तांबडे ठिपके. पन्नास वर्षं अंधारात राहिलेलं, म्हणून रंग कालच्यासारखा. अक्का कापड टाकणाऱ्यातल्या नव्हत्या. तो ताका त्यांनी त्यानंतरच्या प्रत्येक दुपट्यात आतून घालून संपवला असणार, कुणाला दिसणार नाही असा. त्यातलं एक माझं.

मी ते ओलं दुपटं मांडीवर घेऊन बसून राहिले. बोचक्याची गाठसुद्धा त्यांचीच होती, आता आठवते. दोन वळसे आणि टोक आत. सात विड्यांच्या गाठी त्यांनी माझ्यासमोर मारल्या होत्या, आणि आठवी माझ्या हातात आली तर मला ओळखू आली नाही. फंड दुसऱ्यांसाठी असतो, मी तर चिटणीस. दादानं काही धाडलं नव्हतं. त्याला दोष नाही. रस्ता बंद होता, त्याला कळलंही नसेल. पण इतकी वर्षं माझा भाऊ जिवावर उदार होऊन माझ्यासाठी पावसात उभा होता, तो त्या दुपारी एकाएकी नाहीसा झाला... आणि तेव्हा मला गंगूची ती उलटी केलेली झालर दिसली. मी तिच्याकडून काय काढून घेतलं होतं ते मला पंचाहत्तरीत समजलं. तिला ते भर दुकानात समजलं, अठराव्या वर्षी, मांडीवर लेकरू असताना. मला एकटीला, घरात, पोटभर जेवण झाल्यावर. इथंसुद्धा अक्कांनी माझी सोय बघितली.

बोलले होते चारचौघांत, म्हणून चारचौघांतच सांगते. ताका मी आणला होता. बोललेही मीच. अक्कांनी हात जोडले ते माझ्यासाठी.

दुपटं वाळल्यावर शिवायला घेतलं. मशीन नको वाटलं, हातानंच घेतलं. सुनेनं सुईत दोरा ओवून दिला आणि विचारलं, "आई, आत काय होतं ते हिरवं?" मी म्हटलं, "चिंधी आहे." पोपटी कापड आत सारलं, वर लुगड्याचा थर ओढला आणि बारीक टाके घालत गेले. टाके चांगले पडले. सून म्हणाली, "किती सुबक शिवलंत." मी दोरा दातानं तोडला आणि शेवटच्या गाठीला दोन वळसे देऊन टोक आत घातलं.